वृक्षेशयाचे घर

आज नागपंचमी. घरोघरी पाटावर चंदनाने नाग रेखला गेला असेल, लाह्या-दुधाचा नैवेद्य झाला असेल, तवा उतरवून ठेवलेला असेल आणि पुरणाची दिंडे वाफेवर शिजत असतील. आज चिरणे नाही, तळणे नाही, नांगर धरणे नाही. जमिनीच्या पोटात राहणाऱ्या त्या भावास आपल्या हातून इजा होऊ नये, एवढी काळजी आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या वाहत आल्या आहेत. अशा दिवशी आम्ही वाचकांपुढे सापाच्या पेटीचा विषय घेऊन येत आहोत, याचे पुष्कळांस नवल वाटेल. काहींस रागही येईल. झाडावर राहणारा साप मनुष्याने घरात ठेवावा काय, आणि ठेवलाच तर त्याचे घर कसे असावे, हा तो विषय होय. तो आमच्या गळ्यात पडला आमच्या धाकट्या भगिनीमुळे.

तिचा मुलगा जर्मनीत म्युनिक शहरी अभियंता आहे. २०२४ च्या गणेशोत्सवात तेथील मराठी मंडळींनी आम्हांस कीर्तनासाठी बोलावले. निघण्याच्या आदल्या दिवशी भगिनी वाईस आली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “दादा, त्याने घरात साप पाळला आहे. तुझा शब्द तो खाली पडू देणार नाही. तेवढे ते जनावर घराबाहेर काढून ये.” आम्ही शब्द दिला. विमानात बसल्यावर उत्तररंगाची जुळवाजुळव करावी तशी आम्ही आमच्या उपदेशाची जुळवाजुळव केली. आस्तीकाने जनमेजयाचे सर्पसत्र थांबविले ते सापांना पेट्यांत कोंडण्यासाठी नव्हे, असा त्याचा प्रारंभ होणार होता.

भाच्याच्या दिवाणखान्यात भिंतीशी ती पेटी होती. चार फूट रुंद, तीन फूट उंच, दोन फूट खोल. समोर सरकत्या काचा. आत मनीप्लांटची वेल, तळाशी नारळाच्या भुशाचा थर आणि वरच्या अंगास एका आडव्या काठीवर हिरवेगार वेटोळे. घोड्यावर खोगीर टाकावे तशी ती वेटोळी काठीच्या दोन्ही बाजूंस सोडलेली, आणि बरोबर मध्यावर डोके टेकविलेले. पाठीच्या कण्यावर पांढरे ठिपके. आम्ही काचेपासून चार हात दूरच उभे राहिलो. परीक्षिती राजाने तक्षक आत येऊ नये म्हणून एकस्तंभी प्रासाद बांधविला होता. आमच्या भाच्याने साप बाहेर जाऊ नये म्हणून हा प्रासाद बांधला. मामाने असे म्हणताच तो हसला, आणि उपदेशाचा पहिला मुहूर्त टळला.

हा साप न्यू गिनीचा, त्याभोवतीच्या बेटांचा आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा. अजगराच्या कुळातला, निर्विष, पाच-साडेपाच फुटांपर्यंत वाढणारा. याची पिले हिरवी नसतात. ती हळदीसारखी पिवळी किंवा विटेसारखी तांबडी जन्मतात आणि पुढे हिरवा रंग धारण करतात. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात याचा हुबेहूब जोडीदार वाटावा असा एक हिरवा बोआ आहे. तोही असाच खोगीर टाकून बसतो. पण तो पिले प्रसवतो आणि हा अंडी घालतो. मध्ये महासागर असता दोघांना झाडाने एकच आसन शिकविले, ही ईश्वरी लीला म्हणा की निसर्गाची रीत म्हणा, आम्हांस विलक्षण वाटली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही संस्कृतातली सापाची नावे आठवू लागलो. अमरकोशात उरग आहे, पन्नग आहे, जिह्मग आहे, वारा खाऊन राहणारा पवनाशन आहे आणि बिळात निजणारा बिलेशयही आहे. झाडावर निजणारा मात्र त्या मालिकेत नाही. तो भेटतो सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात. सुश्रुताने सापांचे ऐंशी भेद पाच वर्गांत वाटले आहेत. त्यांतील निर्विषांच्या वर्गात एक नाव आहे ‘वृक्षेशय’. झाड हीच ज्याची शय्या तो वृक्षेशय. आमच्या सह्याद्रीतही असे साप आहेत. हिरवा, चाबकासारखा सडपातळ हरणटोळ. तांबूस पाठीचा रुका सर्प, ज्याच्या नावात आम्हांस प्राकृतातला ‘रुक्ख’ म्हणजे वृक्षच दिसतो. आणि विषारी चापडा. नाग बिळात राहतो म्हणून आपण वारुळापुढे हात जोडतो. वृक्षेशयाला वारूळ नाही. त्याचे देऊळ म्हणजे फांदी, आणि ती फांदी काढून घेतली की त्याच्यापाशी काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी उपदेशास बसलो तो भाच्यानेच आधी तोंड उघडले. ही त्याची पहिली पेटी नव्हे आणि हा पहिला सापही नव्हे. २०१८ साली एका मेळ्यात त्याने असाच एक साप विकत घेतला होता. कागदावर ‘बंदिवासात जन्मलेला’ असे होते. विकणाराने उंच, अरुंद काचपेटी गळ्यात मारली. झाडावरचा साप म्हणजे उंची हवी, हे ऐकावयास कसे बिनचूक वाटते! भाच्याने आत तीन फांद्या लावल्या, तिन्ही तिरप्या आणि एकाहून एक सुबक. एक लहानसा धबधबाही बसविला. पेटी दिवसरात्र ओलीचिंब ठेवली, कारण पुस्तकात वर्षारण्य असे लिहिले होते. आणि ओल टिकावी म्हणून हवेची छिद्रे चिकटपट्टीने बंद केली. साप काही दिवसांतच खाली उतरला आणि तळाशी पडून राहू लागला. झाडावरचा साप जमिनीवर निजतो आहे, याचा अर्थ त्यास कळला नाही. पुढे त्याच्या तोंडाशी फेस दिसू लागला. पशुवैद्याने सांगितले, फुप्फुसे सडली आहेत, पोटात जंत आहेत, आणि हा जीव बहुधा अरण्यातूनच धरून आणलेला आहे. चौथ्या महिन्यात तो मेला. हे भाच्याने आईलाही सांगितले नव्हते. तो बोलत होता तोवर काचेकडेच पाहत होता.

त्यानंतर दोन वर्षे त्याने साप आणला नाही. पेटी बांधली, स्वतःच्या हाताने, आणि सहा आठवडे ती रिकामीच चालविली. त्या सहा आठवड्यांची वही त्याने आमच्यापुढे ठेवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशा चार वेळांची उष्णता आणि आर्द्रता, दोन्ही टोकांची, रोजच्या रोज मांडलेली. आम्ही जपाच्या वह्या पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या किती इतक्या प्रामाणिक असतात, हे सांगावयाचे हे स्थळ नव्हे.

मग तो निर्मळ मनाने विचारता झाला, “मामा, तुमच्या लहानपणी वाड्यात गारुडी येई ना, त्याच्या टोपलीतल्या नागाला पाणी कोण पाजत असे?”

आम्हांपाशी उत्तर नव्हते. नव्हते म्हणण्यापेक्षा, होते ते सांगवेना. १९८९ सालची नागपंचमी आम्हांस आठवली. कीर्तन संपल्यावर देवळाच्या ओवरीत आम्हीच त्या गारुड्यास बसविले होते. चाळीसएक सुवासिनींनी वाटीवाटीने दूध ओतले आणि नाग ते प्याला, कारण कित्येक दिवस त्यास पाण्याचा थेंब मिळालेला नव्हता. दूध हा सापाचा आहार नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला जीव जे ओले दिसेल ते पितो. संध्याकाळी घाटावर संध्येस गेलो तेव्हा त्या गारुड्याने टोपली नदीकाठी उलटी केली. आतून जे पडले ते हलत नव्हते. आम्ही अर्घ्य दिले आणि परतलो. पुढच्या वर्षी त्याच ओवरीत त्याच गारुड्यास पुन्हा बसविले. आस्तीकाख्यान त्या वर्षीही फार रंगले होते, असे लोक सांगतात.

तेव्हा, उपदेश करावयास गेलेल्या मामाची ही पात्रता. आमच्या टोपलीत उभे राहण्यास, पसरण्यास, पाणी पिण्यास काहीच नव्हते; होता तो फक्त भक्तिभाव, आणि तोही आमचा, नागाचा नव्हे. म्हणून जे आमच्या या लेखावर ‘शिव शिव, साप का पेटीत ठेवायचा’ म्हणून कपाळास हात लावतील, त्यांनी आधी आपल्या आळीतली टोपली आठवावी, ही विनंती.

आता त्या पेटीविषयी. वृक्षेशयाच्या घराचे पहिले मर्म उंची नव्हे, आडवी काठी हे होय. ती भक्कम हवी, जागची हलता कामा नये, आणि तिची जाडी सापाच्या अंगाच्या जाडीएवढी किंवा थोडी कमीजास्त असावी. अशा दोन-तीन काठ्या वेगवेगळ्या उंचीवर, काही उबेच्या बाजूस, काही थंडाव्याच्या बाजूस. कारण सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. हवी तेव्हा उबेत जाणे आणि नको तेव्हा तेथून निघणे एवढेच त्याच्या हाती असते. पेटी अरुंद असली की हे स्वातंत्र्यच जाते. सारी पेटी एकसारखी तापते. म्हणून रुंदी मोठी हवी. भाच्याच्या पेटीत उबदार काठीशी तीस-एकतीस अंश सेल्सिअस असते आणि दुसऱ्या टोकास चोवीस-पंचवीस. उष्णता वरून येते, छताशी बसविलेल्या सपाट तापकातून. सूर्य झाडावर वरूनच तापतो, खालून नव्हे. तापकास थर्मोस्टॅट जोडलेला आहे. दिव्याने ऊब द्यावयाची तर त्यास जाळी हवी, नाहीतर साप दिव्यासच विळखा घालून भाजून घेतो.

पेटीच्या मापाविषयी एक गोष्ट आम्हांस फार भावली. जर्मनीच्या कृषिखात्याने १९९७ साली तज्ज्ञांकडून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवासाची किमान मापे ठरवून घेतली. ती मापे नुसत्या सेंटीमीटरात नाहीत. त्या त्या प्राण्याच्या अंगाच्या लांबीच्या पटीत आहेत. आपल्या शुल्बसूत्रांत अग्निचयनाच्या चितीचे माप कशावरून घेतात? हात उंचावून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीवरून. यजमान बदलला की वेदीचे माप बदलते. त्या पेटीचा यजमान साप आहे आणि भाचा केवळ ऋत्विज, हे आम्ही त्यास सांगितले तेव्हा तो पुन्हा हसला. पण वाचकहो, पेटी विकत घेणारा सहसा आपल्या भिंतीचे माप घेऊन दुकानात जातो.

ओलीचे तंत्र याहून नाजूक. सतत ओल ठेवली तर कातडी कुजते आणि फुप्फुसे बिघडतात. ओल नसली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि मलावरोध होतो. पावसाची सर यावी, मग वारा सुटावा, पाने सुकावीत आणि पुन्हा सर यावी, असा क्रम त्यास हवा. भाचा सकाळी आणि रात्री फवारा मारतो. मधल्या काळात पेटी सुकू देतो. हवेची छिद्रे एका बाजूस खाली आणि दुसऱ्या बाजूस वर आहेत, म्हणजे हवा खेळती राहते. चिकटपट्टीचा डाग त्याच्या मनावरून अद्याप गेलेला नाही, हे त्या छिद्रांच्या संख्येवरून आम्हांस कळले.

आणखी एक युक्ती. काठ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, खाचांत बसविलेल्या आहेत. पेटी साफ करावयाची असली की भाचा सापास हात लावीत नाही. काठीच उचलतो, साप तिच्यावर आहे तसा बसलेला राहतो, आणि ती काठी दुसऱ्या पेटीच्या खाचांत ठेवतो. धरलेला विळखा उलगडणे हा या जातीवर मोठा जुलूम असतो. आम्ही हे होताना पाहिले. देवघर सारवताना मूर्ती पाटासकट उचलावी, तसे ते होते.

आहाराविषयी आम्ही फार लिहिणार नाही. गोठविलेले उंदीर कोमट करून चिमट्याने दिले जातात, मोठ्या सापास दोन-तीन आठवड्यांतून एकदा. कौतुकाने वारंवार भरविले तर तो लठ्ठ होऊन मरतो, एवढे पुरे. त्या फ्रीझरकडे पाठ करून आम्ही आठ दिवस जेवलो.

इथवर वाचून कोणास वाटेल, आम्ही घरोघरी साप पाळण्याचा पुरस्कार करीत आहोत. मुळीच नाही. पेटी कितीही निर्दोष असली तरी पेटीत काय ठेवले, हा प्रश्न उरतोच. ल्यॉन्स आणि नातुश या दोन अभ्यासकांनी इंडोनेशियात २००९ ते २०११ या काळात या हिरव्या अजगराच्या व्यापाराचा माग काढला. अरण्यातून बेकायदा धरलेले ४२२७ अजगर त्यांच्या पाहणीत आले. त्या देशात या सापास कायद्याचे संरक्षण आहे, निर्यात करावयाची ती पैदास केंद्रात जन्मलेल्याची. पण निर्यात होणाऱ्यांपैकी निदान ८० टक्के अरण्यातलेच असावेत, असा त्यांचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे पैदास केंद्र हे नावाचे, एका दाराने चोरीचा माल आत आणि दुसऱ्या दाराने कागदासह बाहेर. भाच्याचा पहिला साप याच वाटेने आला असावा. दुसरा त्याने जर्मनीतल्याच एका पाळणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याची आई डोळ्यांनी पाहून आणला. तो आला तेव्हा करंगळीएवढा आणि पिवळा होता.

आपल्या देशात तर निर्णय अधिकच सरळ आहे. हरणटोळ असो, रुका असो, मांजऱ्या असो वा चापडा असो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपले रानटी साप धरून घरी ठेवणे हा अपराध आहे, आणि तो योग्यच अपराध आहे. हरणटोळाविषयी आपण पोरांना काय काय सांगितले! तो टाळू फोडतो, डोळा काढतो. सिंहली भाषेतले त्याचे नावही ‘डोळा टोचणारा’ याच अर्थाचे आहे, आणि शास्त्रज्ञांनी तेच नाव त्याच्या वंशास दिले. वस्तुतः तो सरडे-बेडूक खाणारा सौम्य विषाचा जीव. मनुष्यास त्यापासून भय नाही. त्याचे घर बांधण्याची आपणांस गरजच नाही. ते परसातल्या करवंदीच्या जाळीत आयतेच आहे, आपण ती जाळी तोडली नाही म्हणजे झाले. परदेशी सापांचे म्हणाल तर २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी, आंतरराष्ट्रीय सूचीतले असे प्राणी ठेवणाऱ्यास त्यांची शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. पुण्या-मुंबईची तरुण मुले असे साप आणतात हे आम्ही ऐकतो. त्यांच्या आईबापांनी भिण्याऐवजी किंवा शापण्याऐवजी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागाव्या. एक, नोंदणीचा कागद. दुसरी, सहा आठवडे चालविलेल्या रिकाम्या पेटीची वही. आमचा तर्क असा की दहांतले आठ जण चौथ्या दिवशी वहीचा कंटाळा करतील, आणि तेवढे साप वाचतील.

आमचे स्वतःचे मन विचाराल तर आम्हांस साप फांदीवर, अरण्यात, आपल्या दृष्टीआड असलेलाच आवडेल. भाच्यासही आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, “मामा, मलाही आता तसेच वाटते. पण हा अरण्यात जन्मला नाही. याला सोडू कुठे? हा पंधरा-वीस वर्षे जगेल. तोवर याची काठी बदलत राहायची.” यावर कोणते वचन काढावे ते आम्हांस सुचले नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे त्याने फवारा मारला तेव्हा आम्ही काचेपासून एक हातावर उभे होतो. वेटोळ्यांवर पाणी साचले, थेंब एका वळशातून दुसऱ्यात ओघळू लागले, आणि त्या जीवाने मान वाकवून स्वतःच्याच अंगावरचे पाणी हळूहळू प्यावयास आरंभ केला. पाण्याचे भांडे शेजारी होते. त्याकडे त्याने पाहिलेही नाही. चातकाचे दृष्टांत आम्ही चाळीस वर्षे देत आलो. प्रत्यक्ष पाहिला तो म्युनिकात, आणि तोही सापाच्या रूपाने.

वाईस परतल्यावर भगिनीचा दूरध्वनी आला. “काढले का ते जनावर?” आम्ही नाही म्हणालो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नीट ठेवतो ना पण तो त्याला? खायला-प्यायला काय देतो?”

आम्ही तिला पाण्याचे तेवढे सांगितले.